ड्राइव्ह जागेवर आहे, पण संगणकाला दिसत नाही : एका बिघाडाचा वीस वर्षांचा इतिहास

१/
३१ ऑक्टोबर २००५. अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ मार्क रुसिनोविच यांनी आपल्या ब्लॉगवर एक दीर्घ नोंद प्रसिद्ध केली. रीतसर विकत घेतलेल्या गाण्यांच्या एका सीडीने त्यांच्या विंडोज संगणकात, त्यांच्या नकळत, काही छुपे प्रोग्रॅम बसवले होते. रुसिनोविच यांनी ते शोधले, काढून टाकले आणि संगणक पुन्हा सुरू केला. पाहतात तो सीडी ड्राइव्हच नाहीसा! यंत्र पेटीत जसेच्या तसे होते. वीज येत होती, तारा जोडलेल्या होत्या. तरीही विंडोजच्या लेखी त्या संगणकात सीडी ड्राइव्ह नावाची वस्तूच उरली नव्हती. हे कसे घडले, हे समजून घेण्यासाठी आणखी वीस वर्षे मागे जावे लागते.

२/
‘संगणकाने ड्राइव्ह ओळखला’ असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात ती एक क्रिया नसून अनेक क्रियांची साखळी असते. आधी तारेतून विद्युत्-संकेत पोचावे लागतात. मग ‘तू कोण?’ या प्रश्नाला ड्राइव्हने ठरलेल्या भाषेत उत्तर द्यावे लागते. त्यानंतर ऑपरेटिंग सिस्टमला त्या जातीच्या यंत्राशी बोलणारा ड्रायव्हर सापडावा लागतो. आणि शेवटी चकतीवरील मजकुराची मांडणी, म्हणजेच फाइल सिस्टम, तिला वाचता यावी लागते. यांपैकी एक कडी जरी निसटली, तरी वापरणाऱ्याला दिसणारे लक्षण बहुधा एकच असते : ड्राइव्ह नाही. या साखळीतील प्रत्येक कडी वेगळ्या काळात, वेगळ्या लोकांनी, वेगळ्या गरजेपोटी घडवली. बिघाडांचे मूळ त्या इतिहासातच आहे.

३/
सीडीचा जन्म संगणकासाठी झालाच नव्हता. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून ती संगीतासाठी घडवली. तिचे नियम ‘रेड बुक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दस्तऐवजात नोंदवले गेले, आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानमध्ये पहिला सीडी प्लेअर विक्रीस आला. चकतीचा व्यास १२० मिलिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर. तिच्यावर आतून बाहेर जाणारी एकच सर्पिलाकार रेषा असते, आणि रेषेच्या दोन वेढ्यांमधले अंतर सुमारे १.६ मायक्रोमीटर. आरंभी एक अनुक्रमणिका असते : कोणते गाणे कोठे सुरू होते, एवढेच सांगणारी. फाइल, फोल्डर, फाइलचे नाव यांपैकी कोणतीही कल्पना या रचनेत नव्हती, कारण संगीतासाठी तिची गरजच नव्हती.

४/
पुढच्या काही वर्षांत याच चकतीवर संगणकाची माहिती साठवण्याचे नियम ‘यलो बुक’मध्ये ठरले, आणि सीडी-रॉम अवतरली. माहितीचे २०४८ बाइटचे तुकडे म्हणजे सेक्टर, आणि सेकंदाला असे ७५ सेक्टर. म्हणजे सेकंदाला १,५३,६०० बाइट, ज्याला पुढे ‘एकपट वेग’ म्हटले जाऊ लागले. एका चकतीची क्षमता साधारण ६५० मेगाबाइट. आज हा आकडा किरकोळ वाटेल. पण त्या काळच्या एमएस-डॉसच्या ३.० ते ३.३ या आवृत्त्यांना एका वेळी ३२ मेगाबाइटपेक्षा मोठा विभाग हाताळताच येत नव्हता. सेक्टरचा क्रमांक लिहायला १६ बिट, म्हणून ६५,५३६ क्रमांक, आणि प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा. हिशेब तेथेच संपत होता. वीसपट मोठी चकती या डॉसला ‘दिसणार’ तरी कशी?

५/
दुसरा प्रश्न अधिक बिकट होता. चकतीवर सेक्टर कसे लिहायचे हे ठरले होते. फायली कशा मांडायच्या हे ठरलेच नव्हते. त्यामुळे प्रत्येक प्रकाशकाची मांडणी वेगळी, आणि एकाची चकती दुसऱ्याच्या प्रणालीवर वाचता येत नसे. नोव्हेंबर १९८५ मध्ये संगणक-उद्योगातील काही कंपन्यांचे प्रतिनिधी अमेरिकेतील लेक टाहो या सरोवराजवळच्या ‘हाय सिएरा’ हॉटेलात जमले आणि एका समाईक मांडणीचा पाया घातला. हॉटेलचेच नाव त्या मांडणीला चिकटले. थोड्या सुधारणांनंतर १९८८ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आणि ‘आयएसओ ९६६०’ हे नाव लाभले. आजही संगणकावर ‘आयएसओ फाइल’ हा शब्द वापरला जातो, त्याचे मूळ या आकड्यात आहे.

६/
या मांडणीत तडजोडीच्या खुणा स्पष्ट दिसतात. चकतीचे पहिले सोळा सेक्टर प्रणालीच्या वापरासाठी मोकळे सोडले गेले, आणि ओळखपत्र ठेवले गेले ते सोळा क्रमांकाच्या सेक्टरमध्ये (मोजणी शून्यापासून). तेथे ‘सीडी००१’ ही अक्षरे सापडली, की प्रणालीने समजायचे : ही चकती आपल्याला वाचता येईल. त्याहून बोलकी खूण अंकांची. इंटेलचे प्रोसेसर मोठी संख्या शेवटच्या बाइटपासून लिहीत, मोटोरोलाचे पहिल्या बाइटपासून. कोणी कोणाचे ऐकावे? शेवटी महत्त्वाच्या संख्या दोन्ही पद्धतींनी, दोनदा लिहायच्या असे ठरले. एकाच दस्तऐवजावर एकच मजकूर दोन लिपींत लिहून ठेवावा, तसा हा प्रकार. त्यामुळे जागा थोडी वाया गेली; पण एकच चकती पीसी आणि मॅकिन्टॉश या दोन्हींना वाचता येऊ लागली.

७/
मांडणी ठरली, तरी डॉसची ३२ मेगाबाइटची भिंत उभीच होती. मायक्रोसॉफ्टने ती पाडली नाही, तिला वळसा घातला. दुसऱ्या संगणकावरची डिस्क जाळ्यामार्फत वापरण्याची सोय डॉसमध्ये नुकतीच आली होती. अशा दूरच्या डिस्कच्या आतील रचनेशी डॉसला कर्तव्य नसे. ‘अमुक फाइल दे’ एवढेच ते सांगे. मायक्रोसॉफ्टच्या ‘एमएससीडीएक्स’ या छोट्या प्रोग्रॅमने सीडी ड्राइव्हला नेमके तेच सोंग दिले. पेटीतच बसलेला ड्राइव्ह डॉसला जाळ्यापलीकडची डिस्क म्हणून सादर केला जाई. म्हणूनच सीडी ड्राइव्हवर डिस्क-तपासणीची ‘चेकडिस्क’ ही आज्ञा चालवली, तर ‘जाळ्यावरील ड्राइव्ह तपासता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश येई. वापरणारा बुचकळ्यात पडे. डॉस मात्र त्याच्या समजुतीप्रमाणे खरेच बोलत असे.

८/
या सोंगाचे दोन भाग होते, आणि ते दोन वेगळ्या फायलींत राहत. ‘कॉन्फिग.सिस’मध्ये ड्राइव्हच्या निर्मात्याचा ड्रायव्हर भरला जाई आणि तेथे ड्राइव्हला एक अंतर्गत नाव दिले जाई, बहुधा ‘एमएससीडी००१’. ‘ऑटोएक्झेक.बॅट’मध्ये एमएससीडीएक्सला तेच नाव सांगावे लागे. दोन नावांत एका अक्षराचा जरी फरक पडला, तरी ड्राइव्ह बेपत्ता. ड्राइव्हसाठी अक्षरे पुरेशी राखून ठेवली नसतील, तरी बेपत्ता. डॉसची नवी आवृत्ती घेतली आणि एमएससीडीएक्स जुनेच राहिले, तर ‘डॉसची आवृत्ती चुकीची’ असा नकार मिळे. त्यावर १९९१ च्या डॉस ५ मध्ये ‘सेटव्हर’ नावाचा उतारा होता : तो जुन्या प्रोग्रॅमला डॉसची आवृत्ती खोटी सांगे. एका सोंगाला सांभाळण्यासाठी दुसरे सोंग!

९/
दरम्यान तारांच्या पातळीवर वेगळीच बेबंदशाही होती. १९९० च्या दशकाच्या आरंभी घरगुती संगणकांत सीडी ड्राइव्ह शिरला तो बहुधा ‘मल्टिमीडिया किट’मधून, साउंड कार्डाच्या सोबतीने. ड्राइव्हची तार मदरबोर्डाला नव्हे, साउंड कार्डाला जोडली जाई. आणि तेथेही सोनी, पॅनासॉनिक व मित्सुमी यांच्या जोडण्या परस्परांशी न जुळणाऱ्या. काही साउंड कार्डांवर तर तिन्ही प्रकारच्या खाचा शेजारीशेजारी असत. यांतील काही तारा हार्ड डिस्कच्या ४० पिनांच्या तारेसारख्याच दिसत, खाचेत बसतही. पण संकेतांचा अर्थ निराळा असल्याने ड्राइव्ह गप्प राही. तार बसली म्हणजे भाषा जुळली असे नव्हे, हा धडा त्या पिढीतील अनेक दुरुस्ती करणाऱ्यांनी प्रत्यक्ष अनुभवातून घेतला.

१०/
या गोंधळाला शिस्त लावली ती ‘अटापी’ या नियमावलीने, १९९० च्या दशकाच्या मध्यास. हार्ड डिस्क ज्या आयडीई तारेवर चालत, त्याच तारेवरून सीडी ड्राइव्हला आज्ञांचे ‘पाकीट’ पाठवायचे, अशी ही कल्पना. पाकिटातील आज्ञा मात्र स्कझी या दुसऱ्याच, अधिक महागड्या परंपरेतून उसन्या घेतलेल्या. येथे जुन्या संगणकांची अडचण झाली. हार्ड डिस्कला ‘तू कोण?’ विचारण्याची आज्ञा वेगळी, आणि पाकीट समजणाऱ्या यंत्राला विचारण्याची वेगळी. चुकीचा प्रश्न आला, तर सीडी ड्राइव्ह तो नाकारतो आणि सोबत विशिष्ट दोन अंकांची खूण पुढे करतो : ‘मी हार्ड डिस्क नव्हे, मला दुसऱ्या पद्धतीने विचार.’ ज्या जुन्या बायॉसला ही खूण ठाऊकच नव्हती, त्याच्या दृष्टीने त्या जागी काहीच जोडलेले नसे.

११/
आयडीई तारेची आणखी एक अट होती. एका तारेवर दोन यंत्रे. एक ‘मास्टर’, दुसरे ‘स्लेव्ह’. ही भूमिका ठरे ड्राइव्हच्या पाठीमागे बसवलेल्या जम्पर नावाच्या इवल्याशा टोपणाने. दोघांनाही मास्टर केले, तर दोघेही एकदम उत्तर देऊ पाहत. मग कधी एकच दिसे, कधी एकही नाही. नवा ड्राइव्ह घालताच जुनी हार्ड डिस्कही गायब झाल्याचे पाहून घाबरलेल्या माणसाचा दोष अनेकदा या टोपणाएवढाच असे. पुढे सॅटा पद्धतीत प्रत्येक यंत्राला स्वतंत्र तार मिळाली आणि हा वर्ग-कलह संपला.

१२/
आता एक तार्किक पेच पाहा. ऑपरेटिंग सिस्टम सीडीवर येऊ लागली. पण सीडी वाचण्यासाठी ड्रायव्हर हवा, आणि ड्रायव्हर चालवायला आधी ऑपरेटिंग सिस्टम हवी. म्हणजे किल्ली कुलूपबंद पेटीतच! तोवरचा उपाय एकच : सुरुवात फ्लॉपीने करायची. जानेवारी १९९५ मध्ये फिनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनी ‘एल टोरिटो’ ही नियमावली प्रसिद्ध केली. सीडीवरच्या ठरावीक जागी सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम ठेवायचा आणि बायॉसने तो थेट उचलायचा. पण ही समज असलेला बायॉस घरोघरी पोचायला वर्षे लागली. म्हणूनच १९९८ च्या विंडोज ९८ सोबतच्या सुरुवातीच्या फ्लॉपीत बहुतेक सीडी ड्राइव्हना चालतील असे सर्वसाधारण ड्रायव्हर दिलेले असत. मधल्या काळात फ्लॉपी हरवली म्हणजे सगळेच अडले.

१३/
२४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ ने सीडीसाठी स्वतःचा ३२ बिटांचा फाइल-वाचक आणला आणि एमएससीडीएक्सचे सोंग संपवले. निदान तशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात अनेकांच्या ‘कॉन्फिग.सिस’मध्ये डॉसच्या काळातील ओळी तशाच राहिल्या. अनोळखी जुना ड्रायव्हर दिसला, की विंडोज सावध होई आणि ‘डॉस-सुसंगत’ अवस्थेत काम करी. ड्राइव्ह दिसे, चाले, पण रडतखडत. नव्या यंत्राने उपाय होत नसे. त्या दोन जुन्या ओळींआधी ‘रेम’ हा शब्द लिहून त्या निष्प्रभ कराव्या लागत. याच विंडोजने आणखी एक सोय आणली : चकती आत सरकवताच तिच्यावरील प्रोग्रॅम आपोआप चालवणारे ‘ऑटोरन’. तेव्हा ते वरदान वाटले. दहा वर्षांनी त्याची दुसरी बाजू दिसणार होती.

१४/
पुढचा टप्पा सीडी लिहिणाऱ्या ड्राइव्हचा. चकती लिहिण्याचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांना विंडोज आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये बसून येणारी-जाणारी प्रत्येक आज्ञा पाहायची असे. विंडोजने तशी अधिकृत जागा दिली होती : फिल्टर ड्रायव्हर. मुख्य ड्रायव्हरच्या वर बसणाऱ्यांची नावे रजिस्ट्रीतील ‘अपरफिल्टर्स’ या नोंदीत, खाली बसणाऱ्यांची ‘लोअरफिल्टर्स’मध्ये. नियम कडक होता. यादीतील प्रत्येक नावाचा ड्रायव्हर सापडलाच पाहिजे; एकही नाव बेवारस निघाले, तर विंडोज ते यंत्र सुरूच करत नाही. हा नियम अविचारी नव्हता. मधला पहारेकरी नेमके काय काम करतो हे विंडोजला ठाऊक नसते. त्याला वगळून पुढे जाणे माहितीच्या दृष्टीने घातक ठरू शकते.

१५/
अडचण येई ती निरोप घेताना. सॉफ्टवेअर काढून टाकले, त्याचा ड्रायव्हर पुसला गेला, पण यादीतील नाव राहून गेले. किंवा विंडोजची नवी आवृत्ती चढवली आणि जुना फिल्टर तिला मानवला नाही. मग ‘माय कॉम्प्युटर’मधून ड्राइव्ह अदृश्य, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे उद्गारचिन्ह, आणि सोबत १९, ३१, ३२, ३९ किंवा ४१ यांपैकी एखादा सांकेतिक क्रमांक. विंडोज एक्सपीच्या काळात हा बिघाड इतका सर्रास होता, की मायक्रोसॉफ्टने त्यावर स्वतंत्र मार्गदर्शक लेख प्रसिद्ध केला. उपाय : सीडी-डीव्हीडी वर्गाच्या नोंदीतील ‘अपरफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ ही दोन्ही नावे पुसावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा. या उपायानंतर चकत्या लिहिणारे सॉफ्टवेअर मात्र कधी कधी पुन्हा बसवावे लागे. हे माहीत नसलेल्या किती जणांनी धडधाकट ड्राइव्ह भंगारात काढला असेल!

१६/
त्याच काळातील एक सौम्य, म्हणून फसवा बिघाड. माहिती वाचताना तारेवर चूक झाली किंवा उत्तर यायला उशीर झाला, की विंडोज एक्सपी त्याची मोजणी ठेवी. अशा सहा चुका साठल्या, की ड्राइव्हचा वेग एक पायरी खाली. पुन्हा सहा झाल्या, की आणखी खाली. शेवटी ‘पीआयओ’ ही सर्वांत मंद पद्धत येई आणि मग साधा चित्रपटही अडखळू लागे. एखादी ओरखडे पडलेली चकती वारंवार लावली, की निरोगी ड्राइव्हलाही कायमची आजारी असल्याची नोंद चिकटे. चकती बदलून भागत नसे. ती नोंद काढून यंत्राची ओळख विंडोजला नव्याने करून द्यावी लागे.

१७/
आतापर्यंतचे सगळे बिघाड अनवधानाचे होते. सन २००० नंतर चित्र बदलले. गाण्यांच्या नकला इंटरनेटवर पसरू लागल्या आणि काही संगीत कंपन्यांनी मुद्दाम अशा चकत्या काढल्या, की ज्या घरगुती प्लेअरवर वाजतील पण संगणकाला कळणार नाहीत. युक्ती अनुक्रमणिकेत होती. साधा प्लेअर चकतीचा पहिलाच विभाग पाहतो. संगणक शेवटचा विभागही वाचतो. म्हणून शेवटी एक खोटा, चुकांनी भरलेला विभाग जोडला जाई. २००२ मध्ये सेलिन डिओन यांच्या युरोपात विकल्या गेलेल्या एका अल्बमची अशी चकती काही आयमॅक संगणकांत अडकून बसल्याच्या बातम्या आल्या. यावर लोकांनी शोधलेला तोडगा शाईच्या पेनाचा : चकतीच्या कडेला काळी रेघ ओढून खोटा विभाग झाकायचा. अशा चकत्या नियमांना धरून नाहीत, त्यांवर ‘कॉम्पॅक्ट डिस्क’ हे चिन्ह छापू नये, अशी भूमिका खुद्द फिलिप्सने घेतली.

१८/
मग कंपन्या चकतीकडून संगणकाकडे वळल्या. चकती घालताच ऑटोरनद्वारे ड्रायव्हर बसवायचा आणि त्याने नक्कल अडवायची. २००३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी ॲलेक्स हाल्डरमन यांनी अशा एका प्रणालीचा अभ्यास प्रसिद्ध केला. निष्कर्ष थक्क करणारा होता : चकती घालताना कीबोर्डावरील शिफ्टची कळ दाबून धरली, की ऑटोरन चालत नाही आणि सारी तटबंदी निकामी ठरते. संबंधित कंपनीने आधी खटल्याची धमकी दिली, मग ती मागे घेतली. यातून काढायचा बोध दोन प्रकारे काढता आला असता. काहींनी काढलेला बोध असा : कुलूप अधिक खोल लपवले पाहिजे.

१९/
येथे आपण २००५ मध्ये परत येतो. रुसिनोविच यांच्या संगणकात सापडलेली प्रणाली ‘एक्ससीपी’ या नावाची होती. बनवणारी ब्रिटनमधील फर्स्ट फोर इंटरनेट, वापरणारी सोनी बीएमजी. एका विशिष्ट उपसर्गाने सुरू होणारे नाव असलेली कोणतीही फाइल, नोंद किंवा चालू प्रोग्रॅम ती विंडोजपासून लपवून ठेवी. घुसखोर वापरतात त्याच या तंत्राला ‘रूटकिट’ म्हणतात. शिवाय तिने सीडी ड्राइव्हच्या मार्गावर आपले फिल्टर ड्रायव्हर बसवले होते. छुप्या फायली पुसल्या, पण फिल्टरांच्या यादीतील नावे तशीच राहिली. आणि वर सांगितलेल्या नियमानुसार विंडोजने ड्राइव्ह सुरू करण्यास नकार दिला. रुसिनोविच यांना रजिस्ट्रीत शिरून ती नावे काढता आली. त्यासाठीही साधे प्रशासकाचे अधिकार पुरले नाहीत. खुद्द प्रणालीच्या खात्याचे अधिकार घ्यावे लागले.

२०/
पुढचे दोन आठवडे वादळी ठरले. कंपनीने लपवाछपवी थांबवणारी दुरुस्ती दिली. हे सॉफ्टवेअर काढून टाकण्यासाठी दिलेल्या साधनाने उलट संगणकात नवेच भगदाड पडते, हे एड फेल्टन आणि हाल्डरमन यांनी दाखवून दिले. १० नोव्हेंबरच्या सुमारास त्याच उपसर्गाच्या आडोशाला लपणारा पहिला घातक प्रोग्रॅम आढळला. महिन्याच्या मध्यास एक्ससीपी असलेल्या चकत्या बाजारातून परत मागवण्यात आल्या. अशा अल्बमची संख्या ५२ होती. टेक्सास राज्याने दावा लावला, ग्राहकांचे सामूहिक दावे उभे राहिले. जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाशी झालेल्या समझोत्यात, संगणकाची हानी झालेल्या ग्राहकांना १५० डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे कंपनीला मान्य करावे लागले. मूळ मुद्दा नकलेचा राहिलाच नव्हता. माणसाने पैसे देऊन घेतलेल्या यंत्रावर हुकमत कोणाची, हा तो मुद्दा होता.

२१/
आणखी एक प्रकार : ड्राइव्ह ओळखला जातो, चकती मात्र ‘रिकामी’ दिसते. चकती लिहून झाल्यावर ती ‘बंद’ केली नसेल, तर अनुक्रमणिका अपुरी राहते. लिहिणाऱ्या ड्राइव्हला ती कळते, इतरांना नाही. किंवा मांडणी नव्या पद्धतीची असते. डीव्हीडीपासून ‘यूडीएफ’ ही मांडणी रुळली आणि तिच्या आवृत्त्या वाढत गेल्या. ब्लू-रे चकत्यांवरील २.५० ही आवृत्ती विंडोज व्हिस्टाला समजे, आधीच्या एक्सपीला स्वतःहून समजत नसे. विंडोज १० चढवल्यावर ज्यांचे ऑप्टिकल ड्राइव्ह नाहीसे झाले, त्यांनाही मायक्रोसॉफ्टने रजिस्ट्रीतील एका नोंदीचाच उपाय सुचवला. त्या नोंदीच्या मार्गात ‘अटापी’ हे १९९० च्या दशकातील नाव अजूनही कायम आहे.

२२/
इतिहासाच्या अभ्यासकाने या साऱ्याकडे का पाहावे? उत्तर इंग्लंडमध्ये आहे. राजा विल्यमने १०८६ मध्ये केलेल्या जमीन-पाहणीची ‘डूम्सडे बुक’ ही चर्मपत्रावरील नोंद आजही वाचता येते. तिच्या नऊशेव्या वर्षी, १९८६ मध्ये, बीबीसीने दहा लाखांहून अधिक लोकांच्या सहभागातून देशाचे नवे चित्र लेसर-चकत्यांवर साठवले. त्या चकत्यांना विशिष्ट फिलिप्स प्लेअर आणि बीबीसी मास्टर संगणक लागे. सोळा वर्षांत ती जोडगोळी इतकी दुर्मीळ झाली, की सगळा संग्रह मुका होण्याची वेळ आली. लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांनी २००२ मध्ये जुन्या संगणकाची नक्कल नव्या संगणकावर उभी करून तो पुन्हा बोलता केला. मोडी कागदांशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमाल शाबूत आहेत; वाण आहे ती वाचणाऱ्यांची.

२३/
महाराष्ट्रातील किती तरी घरांत लग्नाच्या व्हीसीडी, जुने फोटो, एखाद्या संस्थेच्या स्मरणिकेच्या फायली अशा चकत्यांवर पडून आहेत. ड्राइव्ह दिसत नसेल, तर साखळीच्या क्रमानेच तपासावे. वीज आणि तार. मग संगणक सुरू होतानाच्या बायॉस किंवा यूईएफआयच्या यादीत नाव आहे का? तेथे नसेल, तर विंडोजला दोष देण्यात अर्थ नाही. तेथे आहे पण विंडोजमध्ये नाही, तर डिव्हाइस मॅनेजरमधील क्रमांक आणि फिल्टरांच्या त्या दोन नोंदी पाहाव्यात. रजिस्ट्रीला हात लावण्यापूर्वी तिची प्रत घ्यावी. ड्राइव्ह आहे पण चकती रिकामी दिसते, तर दुसरी चकती, दुसरा ड्राइव्ह, दुसरी ऑपरेटिंग सिस्टम यांवर पडताळावे. आणि एकदा का चकती उघडली, की आधी संपूर्ण आयएसओ प्रत काढून दुसरीकडे ठेवावी. चाळण्याचे काम नंतरही होईल.